मुरून कठीण होणारा धातू

ॲल्युमिनियमचे पातेले हातून निसटले की त्याला पोचा येतो, हा अनुभव घरोघरचा आहे. मग असल्या मऊ धातूची विमाने कशी काय बनतात? ती हकीकत मोठी गमतीची आहे.

बर्लिनजवळ नॉयबाबेल्सबर्ग येथे आल्फ्रेड विल्म नावाचे एक धातुशास्त्रज्ञ काम करीत असत. काम लष्करी होते. काडतुसांना पितळेऐवजी ॲल्युमिनियम चालेल काय, हे पाहायचे होते. आपला लोहार विळ्याला पाणी देतो, ते तुम्ही पाहिलेच असेल. लालबुंद पोलाद पाण्यात बुडवले की तत्काळ कठीण होते. विल्म यांनी तोच उपाय ॲल्युमिनियमवर केला. त्यात सुमारे ४ टक्के तांबे आणि थोडे मॅग्नेशियम घालून तो धातू ५०० अंशांच्या आसपास तापवला व पाण्यात बुडवला. मोजून पाहतात तो कठीणपणा बेताचाच! हे १९०६ साली, एका शनिवारी घडले असे सांगतात. सोमवारी तोच तुकडा पुन्हा मोजला, तर तो कितीतरी कठीण झालेला. मधल्या वेळात त्याला कोणी हातही लावला नव्हता. लोणचे बरणीत मुरावे तसा तो धातू नुसता पडून मुरला होता.

ड्यूरेन गावच्या कारखान्याने १९०९ च्या सुमारास तो धातू काढायला घेतला आणि गावाच्या नावावरून त्याला ‘ड्युरॅल्युमिन’ म्हणू लागले. पहिल्या महायुद्धात झेपेलिन विमाननौकांचे सांगाडे याचेच होते. पण धातू मुरतो म्हणजे काय होते, हे काही विल्म यांना उलगडले नाही. सूक्ष्मदर्शकात काही दिसेच ना. पुढे ते संशोधन सोडून शेती करू लागले.

उत्तराची दिशा १९१९ साली अमेरिकेत मेरिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवली. साखरेचा पाक आठवा. गरम पाण्यात साखर पुष्कळ विरघळते; पाक निवला की जादा साखर खड्याच्या रूपाने बाहेर पडते. इथेही तसेच. ५४८ अंशांना ॲल्युमिनियममध्ये साडेपाच टक्क्यांवर तांबे विरघळते, थंड धातूत अर्धा टक्काही मावत नाही. पाण्यात एकदम बुडवल्यामुळे तांब्याच्या अणूंना बाहेर पडायला सवड मिळत नाही, ते आत अडकतात. मग सावकाश एकमेकांजवळ सरकतात आणि त्यांचा साका जमू लागतो. शास्त्रात याला अवक्षेप म्हणतात.

१९३८ साली फ्रान्सात गिनिए आणि इंग्लंडात प्रेस्टन यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, क्ष-किरणांनी या साक्याची सुरुवात पकडली. तांब्याच्या अणूंच्या त्या चकत्या होत्या. जाडी एका अणूची, रुंदी मिलीमीटरच्या लाखाव्या भागाच्या आसपास! सूक्ष्मदर्शकात त्या दिसणार कशा?

आता कठीणपणा कुठून येतो, ते पहा. धातू वाकतो तेव्हा त्याच्या आतले अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात. वाटेत बारीक कण दाटीने पसरलेले असले की ही घसरण अडते. मात्र धातू जास्त वेळ उष्णतेत ठेवला, तर मोठे कण लहानांना गिळून वाढतात. कण थोडे उरतात आणि दूरदूर पडतात. शेतात चार मोठे धोंडे असले तर नांगर त्यांना वळसा घालून जातो ना? तसेच होते, आणि धातू पुन्हा मऊ पडतो. म्हणून किती अंशांवर किती तास ठेवायचे, यातच कारखानदाराची सारी कसोटी. थंडीत मात्र हे मुरणे मंदावते. त्यामुळे विमानाच्या कारखान्यांत पाणी दिलेले रिव्हेट बर्फात ठेवीत आणि मऊ आहेत तोवर ठोकीत. जागेवर बसल्यावर ते आपोआप कठीण होत.

एक गोष्ट सांगायची राहिली. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानातील इंजिनाचा सांगाडा ॲल्युमिनियमचा होता, त्यात ८ टक्के तांबे होते. १९९४ साली त्याची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यातही त्याच चकत्या सापडल्या. ओतकामाच्या उष्णतेनेच तो धातू मुरला होता, विल्म यांच्या त्या शनिवारच्या तीन वर्षे आधी.