श्रोत्याचा हक्क : दूरदर्शनवरील अद्भुत कथा आणि नांदेड-लातूरचा प्रेक्षक

ग्रंथावरून घेतलेली अद्भुत कथा दूरदर्शनच्या पडद्यावर आली की प्रेक्षकांतून एक तक्रार हमखास उमटते : 'मूळ ग्रंथात असे नाही.' समीक्षेने ही तक्रार आजवर दोन प्रकारे निकालात काढली आहे. कधी तिला भाबड्या चाहत्याची हळवी प्रतिक्रिया ठरवले गेले. कधी माध्यम बदलले की कथेचे रूप बदलणारच, असे सांगून तिची बोळवण केली गेली. तक्रार करणाऱ्याला जे 'मूळ' म्हणून ठाऊक आहे ते त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने आले, हा प्रश्न दोन्ही वेळा विचारायचा राहिला. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ साली 'अपेक्षांचे क्षितिज' ही संकल्पना मांडली ती वाचकाला समोर ठेवून. आपल्याकडे या क्षितिजाचा मोठा भाग वाचनाने घडलेला नाही, श्रवणाने घडलेला आहे. त्यामुळे दूरदर्शन मालिकांच्या प्रेक्षकाचा इतिहास लिहायचा तर आधी श्रोत्याचा इतिहास लिहावा लागतो. प्रस्तुत लेखात नांदेड आणि लातूर या परिसराच्या संदर्भात हा विचार करावयाचा आहे.

या परिसराची निवड करण्यास कारण आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे. स्वतंत्र लातूर जिल्हा झाला तो १५ ऑगस्ट १९८२ रोजी. संस्थानची राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. साहजिकच येथील शिकलेल्या मराठी माणसाच्या घरी दोन वाङ्मये शेजारी शेजारी नांदत होती : देवघरातली पोथी आणि शाळेतली उर्दू. पुढे १९५६ च्या धर्मांतराने याच प्रदेशातील एका मोठ्या समाजाला तिसरी वाट दिली. पोथीकडे प्रश्न विचारण्यासाठी पाहणाऱ्या ग्रंथवाचनाची ती वाट होती. श्रवण, शाळा आणि चिकित्सा या तीन वाटांनी आलेला प्रेक्षक १९८७ नंतर एकाच पडद्यासमोर येऊन ठेपला.

रामानंद सागर यांची 'रामायण' ही मालिका २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाली आणि ७८ भागांनंतर ३१ जुलै १९८८ रोजी संपली. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, दूरचित्रवाणी संचाला हार घातले जात, उदबत्त्या लावल्या जात, याची वर्णने त्या काळी देशभरातून प्रसिद्ध झाली. या वर्णनांचा सूर बहुधा आश्चर्याचा किंवा उपहासाचा आहे. परंतु चातुर्मासात पोथी लावण्याची रीत ज्याने पाहिली आहे त्याला यात नवल वाटू नये. पोथी उघडण्यापूर्वी तिला गंध-फूल वाहिले जाते; एकजण ओवी म्हणतो, दुसरा अर्थ सांगतो, आणि समाप्तीला प्रसाद होतो. पूजा होते ती कथनाच्या प्रसंगाची. संचाला घातलेला हार हा त्याच रीतीचा विस्तार होता. संच म्हणजे देव, असा समज त्यामागे असण्याचे कारण नाही.

सागर यांच्या श्रेयनामावलीत वाल्मीकी, तुलसीदास, कंबन, कृत्तिवास यांच्या रामायणांबरोबर एकनाथांच्या भावार्थ रामायणाचाही उल्लेख होता. येथे 'मूळ ग्रंथ' या कल्पनेचाच पेच उभा राहतो. पैठणच्या एकनाथांनी आरंभिलेले भावार्थ रामायण युद्धकांडातच थांबले आणि ते गावबाने पूर्ण केले, अशी परंपरा आहे. श्रीधरस्वामी नाझरेकरांचा 'रामविजय' १७०३ चा, 'पांडवप्रताप' १७१२ चा. मराठवाड्याच्या खेड्यात 'रामायण' म्हणून जे ऐकले गेले ते मुख्यतः हे. म्हणजे येथील श्रोत्याचा 'मूळ ग्रंथ' स्वतःच एक रूपांतर होता, आणि ते रूपांतर आहे याचा त्याला संकोच नव्हता. वाल्मीकीच्या संहितेशी पडताळा घेऊन तो एकनाथांना जाब विचारीत नव्हता. त्याची कसोटी औचित्याची होती : सीता असे बोलेल काय, भरताला हे शोभते काय.

या श्रवणव्यवहाराचा आणखी एक विशेष आहे. आपल्या ओवीवाङ्मयात श्रोता गप्प बसलेला नसतो. ज्ञानेश्वरीपासून कवी श्रोत्यांची आशंका स्वतःच बोलून दाखवतो, तिचे समाधान करतो, कधी त्यांची क्षमा मागून पुढे सरकतो. प्रत्यक्ष पोथीच्या वेळी अर्थ सांगणाऱ्याला मध्येच थांबवता येते. थांबवण्याची ही मुभा, हाच श्रोत्याचा हक्क. दूरदर्शनने तोच काढून घेतला. एकच कथा, एकाच वेळी, साऱ्या देशाला. आणि वक्ता असा की ज्याला हाक ऐकू जात नाही. रोमिला थापर यांनी १९८९ च्या आरंभी लिहिलेल्या लेखात मालिकेमुळे रामकथांच्या बहुविधतेला पोहोचणाऱ्या धोक्याकडे लक्ष वेधले होते. त्या इशाऱ्याला श्रोत्याच्या बाजूने एक पुस्ती जोडावी लागते. कथांची विविधता आटते तेव्हा कथेला अडवण्याची सवयही आटते, आणि ही हानी ग्रंथसूचीत दिसत नाही.

हा हक्क सगळ्यांनी मुकाट्याने सोडला असे मात्र नाही. मालिका राज्याभिषेकाशी संपत होती. वाल्मीकींना आपले गुरू मानणाऱ्या सफाई कामगारांनी १९८८ साली जालंधर व अन्यत्र काम बंद केले. लव-कुशांची आणि वाल्मीकींची कथा दाखवली पाहिजे, ही त्यांची मागणी होती. त्यानंतर उत्तरकांडावर आधारित मालिका दाखवली गेली. संहिताचिकित्सा करणारे अभ्यासक उत्तरकांड उत्तरकालीन मानतात. संप करणाऱ्यांना त्याच्याशी कर्तव्य नव्हते. ज्या कथेत कथा सांगणाराच दिसत नाही ती कथा अपुरी, हा त्यांचा युक्तिवाद होता, आणि वाङ्मयीन युक्तिवाद म्हणूनही तो दुबळा नाही.

महाराष्ट्रात याच महिन्यांत दुसरे एक प्रकरण पेटले होते, आणि मालिकेच्या चर्चेत ते सहसा आठवले जात नाही. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या, वसंत मून यांनी संपादित केलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचा चौथा खंड १९८७ साली बाहेर आला. त्यातील 'रिडल्स इन हिंदुइझम'च्या राम-कृष्णविषयक परिशिष्टावरून वादळ उठले. परिशिष्ट वगळण्याची मागणी झाली, ग्रंथाच्या प्रती जाळल्या गेल्या. फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत आंबेडकरी समाजाचा प्रचंड मोर्चा निघाला. अखेर या मतांशी शासन सहमत असेलच असे नाही, अशा आशयाच्या टिपेवर तडजोड झाली. रविवारी पडद्यावर रामकथा आणि आठवडाभर रस्त्यावर रामकथेच्या चिकित्सेचा वाद, असे हे दिवस होते. नांदेड जिल्ह्याने तर १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतरचा हिंसाचार पाहिलेला होता. १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांत राम आणि कृष्ण यांना देव न मानण्याची प्रतिज्ञा आहे. ज्या घरात ती घेतली गेली त्या घरात ही मालिका पाहणे किंवा न पाहणे ही निव्वळ करमणुकीची बाब राहू शकत नव्हती. तेव्हा 'मराठवाड्याने रामायण डोक्यावर घेतले' असे एकवचनी विधान इतिहासलेखनात चालणार नाही. श्रोत्याचा हक्क बजावण्याचे एक रूप ऐकण्याचे नाकारणे हेही आहे, आणि 'रिडल्स'च्या बाजूने उभा राहिलेला वाचक हा आशंका काढणाऱ्या जुन्या श्रोत्याचाच, अधिक कठोर झालेला, वारस आहे.

प्रेक्षक पडदा आणि वास्तव यांत गल्लत करतो, या समजुतीलाही त्या काळचे राजकारण पुरावा देत नाही. रामाची भूमिका करणारे अरुण गोविल १९८८ च्या अलाहाबाद पोटनिवडणुकीत काँग्रेसच्या प्रचाराला गेले. जिंकले ते विश्वनाथ प्रताप सिंह. १९९१ मध्ये सीतेची भूमिका करणाऱ्या दीपिका चिखलिया बडोद्यातून आणि रावणाची भूमिका करणारे अरविंद त्रिवेदी साबरकांठ्यातून, दोघेही भारतीय जनता पक्षाचे उमेदवार म्हणून, लोकसभेत गेले. रामाच्या शब्दावर मत न देणारा आणि रावणाला निवडून देणारा मतदार भाबडा म्हणता येत नाही. सोंग हे सोंग आहे हे ओळखून दाद देण्याची रीत बहुरूप्याला पसाभर धान्य देणाऱ्या आपल्या खेड्याला नवी नाही.

२ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० या काळात चाललेल्या बी. आर. चोप्रा यांच्या 'महाभारत' मालिकेने दुसरी वाट उघडी केली. येथे मराठी प्रेक्षकाजवळ पांडवप्रतापाच्या जोडीला छापील पुस्तकांचे महाभारतही होते. इरावती कर्वे यांचे 'युगान्त' आणि शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' ही दोन्ही पुस्तके १९६७ ची. कर्णाबद्दल 'मुळात असे नाही' असे म्हणणाऱ्या मराठी वाचकाच्या मनातले 'मूळ' व्यासांचे की सावंतांचे, हे तपासूनच घ्यावे लागते. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी महाभारतावर जे चिकित्सक लेखन केले, जे पुढे 'व्यासांचे शिल्प'मध्ये संकलित झाले, त्याने घडलेला अभ्यासू श्रोताही याच गावात होता. एका शहरात इतकी महाभारते एकत्र नांदत होती.

या मालिकेचे लेखन राही मासूम रझा यांच्याकडे आले तेव्हा एका मुसलमानाने महाभारत का लिहावे, असे आक्षेप घेणारी पत्रे आली. त्या आक्षेपकांच्या ध्यानी न आलेली गोष्ट अशी की रझा यांचा अलीगढ विद्यापीठातील प्रबंध 'तिलिस्म-ए-होशरुबा' या उर्दू दास्तानवर होता. लांबलचक, शाखा-उपशाखांनी वाढणारी, रोज थोडी थोडी सांगितली जाणारी अद्भुत कथा कशी चालते, हे ज्याने शास्त्र म्हणून अभ्यासले होते असा लेखक मालिकेला मिळाला होता. उर्दू शाळेची वाट येथे पोथीच्या वाटेला येऊन मिळते.

ती वाट उघडपणे दिसते ती नीरजा गुलेरी यांच्या 'चंद्रकांता'त. ही मालिका दूरदर्शनवर १९९४ ते १९९६ या काळात चालली. देवकीनंदन खत्री यांची याच नावाची हिंदी कादंबरी १८८८ ची. ती वाचता यावी म्हणून उर्दू जाणणाऱ्या कित्येकांनी हिंदी शिकून घेतली, हे रामचंद्र शुक्लांनी आपल्या हिंदी साहित्याच्या इतिहासात नोंदवले आणि त्याच दमात या कादंबऱ्यांना साहित्याच्या कोटीबाहेर ठेवले. मराठी समीक्षेने हळब्यांच्या 'मुक्तामाला'शी याहून वेगळे वर्तन केलेले नाही. वाचक घडवणाऱ्या ग्रंथाला दारापर्यंत मान द्यायचा आणि आत घ्यायचे नाही, ही रीत दोन्हीकडे सारखीच.

मालिकेविषयीची तक्रार अशी की तिने खत्रींना गुंडाळून ठेवले. कथानकाच्या बाबतीत ती खरी आहे. खत्रींचा ऐयार मंत्रतंत्र जाणत नाही. तो वेषांतर करतो, बेशुद्धीचे औषध देतो, लखलखा हुंगवून शुद्धीवर आणतो. त्याच्या बटव्यात उपयोगाच्या वस्तू असतात. तिलिस्मातील चमत्कारांचा उलगडाही खत्री यंत्रे आणि औषधी यांच्या आधारे करून देतात. मालिकेने यात अतिमानुष शक्ती आणल्या आणि कादंबरीत लवकर मागे पडणारा क्रूरसिंह अखिलेंद्र मिश्रांच्या 'यक्कू'सह केंद्रस्थानी आणून बसवला. परंतु खत्रींच्या मागे पाहिले तर चित्र पालटते. ऐयार आणि तिलिस्म हे दोन्ही शब्द आणि ती सारी सृष्टी अमीर हमजाच्या दास्तानांतून आलेली आहे. तिथल्या ऐयाराच्या झोळीत अख्खे जग मावते. खत्रींनी त्या झोळीचा बटवा केला. मालिकेने बटव्याची पुन्हा झोळी केली. खत्रींशी बेइमान झालेली ही मालिका नकळत खत्रींच्या उगमाशी इमान राखून होती.

नांदेड-लातुरात हा मुद्दा केवळ विद्वत्तेचा राहत नाही. १९४८ पूर्वी उर्दू शाळेत बसलेली पिढी १९९४ साली साठीच्या आसपास होती. तिच्या कानाला 'तिलिस्म' हा शब्द परका असण्याचे कारण नव्हते. नातवंडांना तो पडद्यानेच प्रथम दिला. खत्रींची कादंबरी हाती न आलेल्या त्या मुलांपुरती मालिका हेच मूळ ठरले. उद्या त्यांतल्या कुणी कादंबरी उघडली तर त्याची तक्रार उलटी असेल : 'ग्रंथात क्रूरसिंह एवढाच कसा?' रूपांतराला मूळ मानण्याची जी क्रिया एकनाथ आणि श्रीधर यांच्या बाबतीत शतकानुशतके चालली, ती येथे काही महिन्यांत पुरी झाली. फरक एवढाच की पोथीच्या श्रोत्याला मध्ये बोलता येत होते.

'चंद्रकांता' सुरू झाली त्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. तेथील आणि लातूरच्या महाविद्यालयांतील मराठीच्या अभ्यासकांपुढे म्हणूनच एक तातडीचे काम आहे. उर्दू शाळा पाहिलेले लोक आता थोडेच उरले आहेत. १९८७ साली पोथीचा अर्थ सांगणारे थकले आहेत. 'रिडल्स'च्या मोर्च्यात चाललेले तरुण साठी ओलांडून गेले आहेत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत 'रामायण' पुन्हा दाखवले गेले तेव्हा यातील अनेकांनी ते दुसऱ्यांदा पाहिले किंवा दुसऱ्यांदा नाकारले. दूरदर्शनच्या कचेरीत भागांच्या चित्रफिती जपल्या जातात. श्रोत्याने कुठे मान डोलावली, कुठे हात वर केला आणि कुठून तो उठून गेला, हे फक्त त्याच्याकडूनच समजू शकते. प्रबंधासाठी कादंबरीकार शोधत हिंडणाऱ्या विद्यार्थ्याने आधी एकदा आपल्या गल्लीतल्या या श्रोत्यापुढे वही घेऊन बसावे.