दुष्काळ, दया आणि साक्ष : श्रद्धेचा मजकूर इतिहासाचं साधन म्हणून कसा वाचायचा?

समजा तुमच्या हातात सव्वाशे वर्षांपूर्वीचा एक मजकूर आला. लिहिणाऱ्या बाईने दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावली आहे. आणि तीच बाई पुढे लिहिते, की देव दयाळू आहे. आता तुम्ही काय कराल?

बहुतेक विद्यार्थी दोनपैकी एक गोष्ट करतात. काहीजण म्हणतात, हा भक्तीचा भाग आहे, आपल्या कामाचा नाही. आणि पानं उलटून आकडे, तारखा शोधायला लागतात. काहीजण तो भाग जसाच्या तसा उतरवून घेतात आणि प्रकरणात कौतुकाचे दोन परिच्छेद वाढवतात. दोन्ही वेळी साधन वाया जातं. आज आपण तिसरा रस्ता पाहू. उदाहरण पंडिता रमाबाईंचं घेऊ, कारण त्यांच्यावर साहित्य भरपूर आहे आणि सरधोपट निष्कर्षही तितकेच आहेत.

मी शेंदूरजनाघाटचा. वरुड तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं, संत्र्याचं गाव. आंबिया बहाराची फळगळ झाली किंवा भाव पडला, की आमच्याकडच्या बोलण्यात देव येतोच. कोणी रागानं नाव घेतं, कोणी आधारासाठी. हे बोलणं पंचनाम्यात येत नाही. पण माणूस दुसऱ्या वर्षी पुन्हा बागेत का उतरतो, हे समजून घ्यायचं तर ते लागतं. म्हणून ‘आशा’ हाही संशोधनाचा विषय आहे, असं मी मानतो.

आधी पार्श्वभूमी : वऱ्हाड आणि दोन दुष्काळ

१८५३ पासून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात होता. १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली, आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला मागणी आली होतीच. वऱ्हाड कापसाचा प्रांत झाला. हातात पैसा आला, पण जेवणाची ज्वारी बाजारावर अवलंबून राहिली. लक्ष्मण सत्या यांचं ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ हे १९९७ चं पुस्तक या विषयावर आहे. वऱ्हाडात काम करणार असाल तर ते चुकवू नका.

१८९६-९७ ला मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. दोन-तीन वर्षांतच १८९९-१९०० चा आला आणि त्याने वऱ्हाडलाही जबर झोडपलं. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत वऱ्हाडची लोकसंख्या वाढण्याऐवजी सुमारे पाच टक्क्यांनी घटली. १९०१ च्या जनगणनेत ती साडेसत्तावीस लाखांच्या आसपास होती. दहा वर्षांत लोकसंख्या घटणे म्हणजे काय, हे जरा थांबून मनात आणा. गावोगावची किती घरं बंद झाली असतील!

याच काळात मिशनऱ्यांची अनाथालयं मराठी मुलखात ठिकठिकाणी वाढली. अकोला आणि खामगाव ही आपल्याकडची मिशनची जुनी केंद्रं. पण या सगळ्या कामातला सर्वात मोठा आवाज एका मराठी बाईचा होता.

रमाबाईंचा पहिला दुष्काळ

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे पंडित. त्यांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं, ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती. कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराण सांगत दक्षिणेत फिरायचं. दुष्काळ आला आणि होतं नव्हतं ते विकलं गेलं. भीक मागायची किंवा मजुरी करायची कुळाला लाज. शेवटी मंडळी रानात शिरली आणि रमाबाईंच्या सांगण्याप्रमाणे अकरा दिवस पाणी, पाला आणि रानफळांवर काढले. वडिलांचा जलसमाधीचा विचार होता. अखेर मुलगा श्रीनिवास मजुरी करायला तयार झाला. पण वडील गेले, मागोमाग आई, मग मोठी बहीण. बहीणभाऊ दोघंच उरले आणि पायी फिरत १८७८ ला कलकत्त्याला पोचले.

इथे पहिला धडा. अनेक चरित्रपर लेखांत लिहिलेलं असतं, की रमाबाई सोळाव्या वर्षी १८७६-७८ च्या महादुष्काळात पोरक्या झाल्या. जरा वजाबाकी करा. १८५८ चा जन्म आणि सोळावं वर्ष म्हणजे १८७४. दोन्ही विधानं एकदम खरी असू शकत नाहीत. तरी वाक्य पिढ्यान् पिढ्या उतरवलं जातं. आठवणीवर आधारलेलं साधन वाचताना अशी बेरीज-वजाबाकी पेन्सिलीने समासात करायची सवय लावा. यामुळे साक्ष खोटी ठरत नाही; ती आठवण आहे, रोजनिशी नाही, एवढंच लक्षात राहतं.

दुसरा दुष्काळ

आता वीसेक वर्षं पुढे या. मधल्या काळात बरंच घडलं. लग्न, मुलगी मनोरमा, १८८२ ला नवऱ्याचा मृत्यू, १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, १८८९ ला मुंबईत शारदा सदन, पुढच्याच वर्षी ते पुण्याला. १८९६ च्या शेवटी मध्य प्रांतातल्या दुष्काळाच्या बातम्या आल्या. सदनाला अमेरिकेतून मिळणारी मदत ठराविक कामासाठी होती, दुष्काळासाठी नव्हती. तरी रमाबाई निघाल्या. पहिल्या फेऱ्यांत त्यांनी सुमारे तीनशे मुली आणि बायका आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून मुक्काम केडगावच्या शेतावर हलला. तेच पुढे मुक्ती सदन. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली.

१८९७ ला त्यांनी आपल्या दुष्काळी अनुभवांवर इंग्रजीत लिहिलं. त्यात स्वतःची जुनी उपासमार आणि समोरच्या मुलींची उपासमार एकमेकींना जोडलेली आहे. मी तेव्हा भोगलं, म्हणून मला हे दिसतं, असा त्यांचा सूर आहे. म्हणजे त्यांच्या लेखी देवाची दया हे ‘माझं दुःख का झालं’ याचं उत्तर नाही. वाचलेल्या माणसावर पडलेलं ते देणं आहे. हा फरक लक्षात आला नाही, तर त्यांचं सगळं लिखाण तुम्हाला एकसुरी वाटेल.

अजून एक गोष्ट. बाप्तिस्मा १८८३ चा असला तरी ख्रिस्ताच्या दयेचा स्वतःचा अनुभव आपल्याला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १८९१ च्या सुमारास आला, असं त्या सांगतात. मधल्या काळातली त्यांची पत्रं वाचा, ए. बी. शहा यांनी संपादित केलेला पत्रसंग्रह १९७७ ला निघाला. इंग्लंडमधल्या धर्मभगिनींशी त्या बरोबरीने वाद घालताना दिसतात. श्रद्धा ही एका तारखेला घडलेली घटना म्हणून लिहू नका. तिलाही कालक्रम असतो.

सरकारची दया, देवाची दया

साक्ष एकटी वाचायची नाही, तिच्या शेजारी दुसरा कागद ठेवायचा. १८७७ ला सर रिचर्ड टेम्पल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराचं वेतन ठरवलं. बाप्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडी रोकड. हेच टेम्पल साहेब १८६० च्या दशकात नागपूरला मध्य प्रांताचे चीफ कमिशनर होते. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर नियमावली आली. मदत द्यायची, पण कामाच्या बदल्यात; आणि इतकी नको की माणूस आळशी होईल, ही त्यामागची भीती. दयेला माप होतं.

आता रमाबाईंचा कागद घ्या. सरकारी अन्नछत्रं आणि गरीबखाने त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, आणि तिथे तरुण मुली सुरक्षित नाहीत, हे त्यांनी उघडपणे लिहिलं. १८९७ ला पुण्याच्या प्लेगच्या व्यवस्थेवरही त्यांनी वर्तमानपत्रातून कडक टीका केली. ज्या बाईला देवाच्या दयेचा भरवसा होता, तीच सरकारला जाब विचारत होती. ‘श्रद्धा माणसाला निमूट करते’ हे वाक्य सिनॉप्सिसमध्ये टाकायच्या आधी हे उदाहरण आठवा.

विरोधी साक्षीदार

एका बाजूचीच कागदपत्रं वाचून प्रबंध होत नाही. १८९३ ला शारदा सदनात मुलींवर ख्रिस्ती वळण लादलं जातं, या आरोपावरून मोठं वादळ उठलं. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली; न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. म्हणजे ज्याला रमाबाई दया म्हणतात, त्याला दुसरे धर्मांतराचं आमिष म्हणत होते. तुमचं काम निकाल द्यायचं नाही. दोन्हीकडे कोण, कोणासाठी, कधी बोलतंय ते मांडायचं.

आणि सर्वात अवघड साक्षीदार म्हणजे त्या मुली. रमाबाईंचा आवाज मोठा, मुलींचा बारीक. ज्या वाटेतच गेल्या त्यांचा तर नाहीच. दयेची साक्ष नेहमी वाचलेला माणूसच देतो. हा प्रश्न ख्रिस्ती माणसालाही टाळता येत नाही, इतिहासाच्या विद्यार्थ्याला तर नाहीच.

जोडीला लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचा. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली वर्षं नवऱ्यापासून दूर गेली. त्याच काळातली, तीही ख्रिस्ती झालेली मराठी बाई. पण लिहिण्याची तऱ्हा अगदी वेगळी, हसत-हसवत सांगणारी. एकाच श्रद्धेची दोन माणसं दोन घाटांची साधनं मागे ठेवतात.

घाट ओळखा : विलापगीताची किल्ली

ख्रिस्ती साक्ष वाचायची तर तिच्यामागचं वाङ्मय माहीत हवं. बायबलमध्ये ‘विलापगीत’ नावाचं छोटं पुस्तक आहे. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास यरुशलेम पडलं, त्याचा हा आक्रोश. उपासमार, मेलेली मुलं, ओसाड रस्ते, सगळं त्यात आहे. पुस्तकाचे पाच अध्याय. देवाची दया संपलेली नाही, हा भरवसा येतो तिसऱ्या अध्यायात, म्हणजे मधोमध. शेवटी नाही. त्यानंतर पुन्हा रडणं सुरू होतं आणि पुस्तक जवळजवळ प्रश्नावरच थांबतं.

ही रचना डोक्यात ठेवली की बऱ्याच साक्षी उलगडतात. इथे आशा म्हणजे संकट टळल्याची पावती नव्हे. संकट चालू असताना मधेच धरलेला हात आहे तो. रमाबाईंचंच पहा. १९२१ ला एकुलती एक मनोरमा गेली. त्या वेळी रमाबाई बायबलच्या सोप्या मराठी भाषांतरात गुंतल्या होत्या. त्यासाठी त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला होता, छपाई मुक्ती सदनातल्या बायकांनीच करायची होती. मुलीच्या मृत्यूनंतरही काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या आणि १९२४ ला ते बायबल छापून निघालं. त्यांना आशा होती का, याचा पुरावा मला त्यांच्या विधानांपेक्षा या न थांबलेल्या कामात जास्त दिसतो. इतिहासाला देवाची दया मोजता येत नाही. पण तिच्यावर विसंबून माणसांनी काय केलं, हे दाखवता येतं.

तुमच्यासाठी काम

पीएच.डी.च्या मुलाखतीला बसायच्या आधी असा एक तरी मजकूर घ्या आणि पाच प्रश्न विचारा. घटना कधीची आणि लिहिलं कधी? कोणत्या भाषेत, कोणत्या वाचकासाठी? त्याच घटनेचा सरकारी कागद काय म्हणतो? विरोधक काय म्हणतात? आणि कोणाचा आवाज यात नाही?

वऱ्हाडातल्या मुलामुलींनी तर दूर जायचीही गरज नाही. नेल्सन आणि फिट्झगेराल्ड यांचं १९११ चं अमरावती गॅझेटियर, १८४२ पासूनचं ‘ज्ञानोदय’, जवळच्या जुन्या चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंदवही आणि दफनभूमीतले दगड, एवढ्यावर एक चांगला लेख उभा राहतो. नोंदवहीत १८९७ ते १९०१ ची पानं आधी उघडा. पालकांच्या रकान्यात काय लिहिलंय ते पहा. रकाना कोरा असेल तर तीही नोंद आहे. ती वहीत उतरवून घ्या, आणि जिथून ते मूल आलं ते गाव नकाशावर शोधा.