साठ वर्षांची थकबाकी

बुलढाणा जिल्ह्यात राजांची टंचाई नाही. सिंदखेड राजा आहे, देऊळगाव राजा आहे आणि आमचे पिंपळगाव राजा आहे. सिंदखेड राजाला जिजाऊंचा जन्म झाला, म्हणून तिथे लोक दर्शनाला येतात. पिंपळगावला मी राहतो. आमच्याकडे लोक येतात ते बहुधा बँकेत, आणि तेही पासबुक भरून घ्यायला.

अशा गावात राहून मी विदर्भाच्या रणजी संघाचा चाहता आहे, हे सांगितले की माणसे माझ्याकडे जरा काळजीने पाहतात. गावात क्रिकेटचे शौकीन पुष्कळ. पण त्यांची निष्ठा आधी भारतावर आणि मग मुंबईवर. गावसकर मुंबईचा, वेंगसरकर मुंबईचा, तेंडुलकर मुंबईचा. विदर्भाचा कोण, असे विचारले तर बराच काळ मी डोके खाजवीत असे आणि शेवटी "सी. के. नायडू" म्हणत असे. नायडू नागपूरला १८९५ साली जन्मले, १९३२ मध्ये भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले. पण त्यांचे रणजीतले मोठे पराक्रम झाले ते इंदूरच्या होळकर संघाकडून. म्हणजे खाते आमच्या शाखेत उघडायचे आणि ठेव दुसऱ्या शाखेत ठेवायची, असला प्रकार.

हा रोग मला वडिलांकडून लागला. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर. त्यांच्याकडे एक लांबट जमाखर्चाची वही होती. पुढच्या पानांवर किराणा, दूध, आमच्या फीचे आकडे. आणि वही उलटी धरली की मागून विदर्भाचे रणजी सामने. वर्तमानपत्रात कोपऱ्यात बारीक टायपात निकाल यायचा, तो बाबा वहीत उतरवीत. पराभव लाल शाईने, विजय निळ्या शाईने, अनिर्णित सामना पेन्सिलीने. "अनिर्णित म्हंजे वटायला टाकलेला चेक," ते म्हणत, "त्याची पक्की नोंद करायची नसते." मी पुढे वाणिज्य शाखेत गेलो, हिशेबाची तत्त्वे शिकलो, पण ह्याहून सोपे तत्त्व कोणी सांगितले नाही. लाल शाईची दौत दर वर्षी नवी लागे. निळी मात्र मी नववीत असताना वाळून खडा झाली होती.

आता ह्या वहीला थोडी ऐतिहासिक पार्श्वभूमी आहे, ती दिली पाहिजे. आमचे वऱ्हाड आधी निजामाकडे. १८५३ मध्ये निजामाने ते इंग्रजांच्या हवाली केले. १९०३ मध्ये कायमच्या भाडेपट्ट्याची भाषा होऊन ते मध्यप्रांताला जोडले गेले. १९५६ मध्ये मध्यप्रदेशातून काढून द्वैभाषिक मुंबई राज्यात घातले, आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. इतक्या बदल्या राष्ट्रीयीकृत बँकेतल्या भांडखोर अधिकाऱ्याच्याही होत नाहीत. ह्या गडबडीत एक गोष्ट मात्र कायमची झाली. १९५७-५८ च्या मोसमात विदर्भाचा संघ रणजीत उतरला, तो उतरलाच. महाराष्ट्र राज्य एक झाले, पण क्रिकेटच्या नकाशावर त्याचे तीन तुकडे राहिले: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. वेगळ्या विदर्भासाठी लोकांनी मोर्चे काढले, ठराव केले, उपोषणे केली. क्रिकेटमध्ये तो कोणी न मागता मिळाला होता. आणि मिळाल्यावर त्याने काय केले? साठ वर्षे हरला.

अगदीच प्रत्येक सामना हरला असे नाही. पण अंतिम सामना म्हणून काही असतो, हे आम्हाला ऐकूनच ठाऊक होते. आमच्या नागपूरच्या मैदानावर सगळ्यांची भरभराट झाली, आमची सोडून. १९६९ मध्ये न्यूझीलंड तिथे कसोटी जिंकून गेला. गावसकरांनी एकदिवसीय सामन्यातले आपले एकुलते एक शतक १९८७ च्या विश्वचषकात नागपूरलाच ठोकले, आणि त्याच सामन्यात चेतन शर्माने हॅट्ट्रिक घेतली. पाहुणे जेवून तृप्त, यजमान उपाशी. क्रिकेट मंडळाला अध्यक्ष हवा होता तेव्हा नागपूरने शशांक मनोहर दिले. पुढे ते आंतरराष्ट्रीय मंडळाचेही प्रमुख झाले. कसोटी खेळाडू मात्र थेट २०११ पर्यंत निघाला नाही. मग कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्या बापाचा मुलगा उमेश यादव निघाला. त्या दिवशी बाबांनी वहीत निकाल नसतानाही निळ्या शाईने नुसते नाव लिहून ठेवले. दौत नवी आणली होती.

विदर्भात "अनुशेष" हा शब्द मूल "आई" म्हणायला शिकते त्याच सुमारास शिकते. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष, विजेचा अनुशेष. १९८४ च्या दांडेकर समितीने तर त्याचे रीतसर आकडेच मांडले. त्यात रणजी करंडकाचा रकाना नव्हता. ती थकबाकी बाबांच्या वहीत होती.

कर्जबाजारी माणूस शेवटी करतो तेच आमच्या संघाने केले. बाहेरून भांडवल आणले. क्रिकेटच्या भाषेत ह्यांना व्यावसायिक खेळाडू म्हणतात. दुसऱ्या राज्याचा कसलेला गडी मानधन देऊन आपल्याकडून खेळवायचा. कर्नाटकाचा गणेश सतीश आला. २०१५ मध्ये मुंबईचा वसीम जाफर आला. २०१७ मध्ये प्रशिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित आले, तेही मुंबईचे. आणि घरचा कर्णधार फैज फजल, ज्याने त्या मोसमात ९१२ धावा काढल्या.

२०१७ च्या डिसेंबरात कोलकात्याला कर्नाटकाविरुद्ध उपांत्य सामना. आम्ही पहिल्या डावात १८५. त्यांचे ३०१, त्यात करुण नायरचे १५३. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मग आम्ही ३१३ केले आणि कर्नाटकाला १९८ धावांचे लक्ष्य मिळाले. चौथ्या दिवशी रात्री ते ७ बाद १११. बाबांना सांगितले. ते म्हणाले, "तीन गडी हायेत ना अजून? मंग आपण हरू शकतो."

पाचव्या दिवशी मी कॅश काउंटरवर होतो. ड्रॉवरमध्ये शंभराच्या नोटा, आणि नोटांखाली मोबाइल. विनयकुमारने मारले, मिथुनने मारले, श्रेयस गोपाळ एका बाजूने हलेना. आमच्या गावात नेटवर्क वाऱ्यावर येते, वाऱ्यावर जाते. कर्नाटकाला सहा धावा हव्यात आणि एक गडी उरला आहे, इथे आकडा गोठला. समोर एक म्हातारे खातेदार पैसे काढायला उभे. मी त्यांच्या नोटा चार वेळा मोजल्या आणि चारही वेळा वेगळ्या भरल्या.

"काहून भाऊ, पैसे कमी हायेत काय ब्यांकेत?" त्यांनी विचारले.

तेवढ्यात वारा आला. रजनीश गुरबानीने शेवटचा गडी काढला होता. कर्नाटक सर्वबाद १९२, आम्ही पाच धावांनी विजयी. गुरबानीचे दुसऱ्या डावात सात बळी, सामन्यात बारा. हा मुलगा सिव्हिल इंजिनिअर. विदर्भातला अनुशेष भरून काढायला शेवटी इंजिनिअरच लागला, पण पाटबंधारे खात्यातला नव्हे. मी आनंदाच्या भरात म्हाताऱ्यांना शंभर रुपये जास्त दिले. ते दुसऱ्या दिवशी परत करायला आले. म्हणाले, "तुमचं ध्यान नोहतं काल." संध्याकाळी मात्र बाबांनी फक्त "हं" म्हटले आणि निळी दौत हलवून पाहिली.

अंतिम सामना दिल्लीशी, तो इंदूरला. होळकरांच्या नावाच्या स्टेडियमवर. ज्या होळकरांकडे नायडू गेले, त्यांच्याच अंगणात. गुरबानीने हॅट्ट्रिक घेतली. रणजीच्या अंतिम सामन्यात त्याआधी एकदाच, १९७२-७३ मध्ये तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमने घेतली होती. आमच्या अक्षय वाडकरने १३३ केले, पहिलेच शतक. १ जानेवारी २०१८ रोजी जाफरने विजयी चौकार मारला आणि आम्ही नऊ गडी राखून जिंकलो. मी घरी धावत गेलो.

"बाबा, रणजी जिंकली आपण!"

बाबा अंगणात बाजेवर बसले होते. माझ्याकडे त्यांनी मास्तराने चुकीचे उत्तर देणाऱ्या पोराकडे पाहावे तसे पाहिले. "उद्या पेपरात येऊ दे."

मी मोबाइल दाखवला. चषक घेतलेला फजल दाखवला. ते म्हणाले, "त्याच्यात काहीबी दाखवतात." बँकेत व्हाउचरशिवाय नोंद होत नाही, हे मला कोण सांगणार? मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी पेपर आला तेव्हा बाबा नेहमीच्या सवयीने आतल्या पानाचा कोपरा शोधू लागले. तिथे बातमी नव्हती. त्यांचा चेहरा "सांगितलं होतं ना" असा झाला. मी पेपर त्यांच्या हातात उलटा करून पहिले पान समोर धरले. त्यांनी ते दोनदा वाचले. मग वही काढली आणि निळ्या शाईने इतक्या सावकाश लिहिले की आईने दोनदा चहा गरम केला.

त्यानंतर आम्हाला हरायची सवय राहिली नाही. इराणी सामन्यात ७ बाद ८००, त्यात चाळिशीच्या जाफरचे २८६. फेब्रुवारी २०१९ मध्ये सौराष्ट्राला नागपुरात हरवून पुन्हा रणजी. आदित्य सरवटेचे अकरा बळी, आणि पुजारा दोन्ही डावांत मिळून एक धाव. जाफर दहा अंतिम सामने खेळला आणि दहाही जिंकला. आठ मुंबईकडून, दोन आमच्याकडून. बाबांनी दोन्ही नोंदी केल्या. २०२१ मध्ये ते गेले. वही माझ्याकडे आली आणि दोन्ही दौतीही.

माझ्या हातची पहिली मोठी नोंद जानेवारी २०२३ ची. गुजरातविरुद्ध नागपूरला आम्ही पहिल्या डावात ७४ सर्वबाद. मी लाल पेन उघडून बसलो. गुजरातला शेवटी जिंकायला हव्या होत्या ७३ धावा, आणि ते ५४ मध्ये आटोपले. रणजीच्या इतिहासात इतके लहान लक्ष्य कोणी राखले नव्हते. असा विक्रम करणारा संघ त्या मोसमात कुठवर गेला? बाद फेरीतसुद्धा नाही. चाहत्याने काय करावे?

मग मार्च २०२४. वानखेडेवर अंतिम सामना, समोर मुंबई. आमचे शाखाधिकारी मूळ दादरचे. आम्ही पहिल्या डावात १०५, आणि लक्ष्य ५३८. साहेबांनी दिलासा दिला, "तुमच्याकडे विकास हळूहळूच होतो." मार्चअखेरची कामे टेबलावर साचलेली. पण पाचव्या दिवशी वाडकर आणि हर्ष दुबे असे काही चिकटले की साहेब दर दहा मिनिटांनी माझ्या काउंटरपाशी येऊ लागले. पाणी प्यायला, स्टॅम्पपॅड न्यायला, काहीच न्यायला नाही म्हणून. वाडकरने शतक केले. तो बाद झाला आणि आम्ही ३६८ वर संपलो. १६९ धावांनी पराभव. साहेब थट्टा करतील म्हणून मी मान वर केली नाही. ते म्हणाले, "देशमाने, एवढं भांडाल असं वाटलं नव्हतं," आणि चहा सांगितला. त्या चहाचे पैसे त्यांनी दिले, ही त्यांच्या कारकिर्दीतली एकमेव नोंद.

पण खरा मोसम २०२४-२५ चा. ह्या संघाने एका हिवाळ्यात मला जितके चढवले-उतरवले तितके रक्तदाबाच्या यंत्रानेही नसेल. तेव्हा करुण नायर आमचा झाला होता. होय, तोच १५३ वाला. इंदूरला आमच्याविरुद्ध १४५ काढणारा दिल्लीचा ध्रुव शोरीही आमचा झाला होता. ज्याने मारले त्याला घरी ठेवून घ्यायचे, हे आमचे धोरण. विजय हजारे करंडकात नायर अंतिम सामन्यापर्यंत सात डावांत एकदाच बाद झाला. पाच शतके, सरासरी ७५२. ही माझ्या बचत खात्यातली महिनाअखेरची शिल्लक वाटेल, पण सरासरीच आहे. अंतिम सामना नेमका कर्नाटकाशी. नायर २७, शोरी ११०, आम्ही ३६ धावांनी पराभूत. लाल शाई.

महिन्याभरात रणजीचा उपांत्य सामना, पुन्हा मुंबई. पार्थ रेखडेने एका षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि दुबे काढले. आमचा दुबे नव्हे, त्यांचा शिवम. आम्ही ८० धावांनी जिंकलो. साहेबांची बदली झाली होती. मी फोन लावला, तो त्यांनी उचलला नाही. संध्याकाळी निरोप आला: "मीटिंगमध्ये होतो." रविवारी लग्नात भेटले तेव्हा मी विषय काढला नाही. चहा पाजला.

अंतिम सामना केरळशी, नागपूरला. आणि केरळकडून ७९ धावा करून आम्हाला छळायला कोण उभा? आदित्य सरवटे! तोच, अकरा बळींचा. तो केरळकडे गेला होता. गुरबानी तर महाराष्ट्राकडे. आमचे तिकडे, तिकडचे आमचे. बदल्यांची यादी पाहावी तसा मी धावफलक पाहत होतो. दानिश मालेवारने १५३ केले, नायरने ८६ आणि १३५. हर्ष दुबेचे मोसमात ६९ बळी, हाही रणजीतला विक्रम. आमच्या ३७९ ना केरळचे उत्तर ३४२. ह्या ३७ धावांच्या आघाडीवर २ मार्च २०२५ रोजी करंडक तिसऱ्यांदा आमचा झाला.

रात्री वही काढली. आणि अडलो. सामना अनिर्णित होता. बाबांच्या नियमाने पेन्सिल.

मी पेन्सिलीने लिहिले. पाहत बसलो. मुलगी म्हणाली, "बाबा, आपण जिंकलो ना? मग असं फिकट काहून लिवलं?" तिला चेकचे तत्त्व समजावू लागलो, तर तिने विचारले, "वटला ना पण तो?"

मी निळ्या पेनाने त्याच अक्षरांवरून गिरवले. खालची पेन्सिल अजून जराशी दिसते.