मोगलीचा जपानमार्गें प्रवास

तुमसर रोड स्थानक सोडून गोंदियाकडे निघालेली आगगाडी थोड्याच वेळांत वैनगंगेचा पूल ओलांडते. तुमसरचा तांदूळ आणि तालुक्यांतील मँगनीजच्या खाणी सर्वांस ठाऊक आहेत; परंतु या नदीचें नांव जगाच्या कानाकोपऱ्यांतील मुलांच्या कानीं पडलें तें मोगलीच्या कथेमुळें. नदी शिवनी जिल्ह्यांत उगम पावते, आणि रुडयार्ड किपलिंगनें आपला मोगली वाढविला तो त्याच डोंगरांत. मौज अशी कीं, मुंबईंत जन्मलेल्या या ग्रंथकारानें शिवनीचें रान स्वतः पाहिलेलें नव्हतें. स्टर्नडेलसारख्यांच्या शिकारवर्णनांचा आधार घेऊन अमेरिकेंतील व्हर्मांट येथें त्यानें तें रंगविलें. पुस्तक १८९४ सालीं प्रसिद्ध झालें.

ही कथा जपाननें उचलली ती केवळ कौतुकापोटीं नव्हे. १ जानेवारी १९६३ रोजीं ओसामु तेझुका यांची ‘तेत्सुवान आतोमु’ ही चित्रमालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. दर आठवड्यास अर्ध्या तासाचें चलच्चित्र हातानें काढणें हें त्या काळीं वेडें साहसच होतें, आणि प्रक्षेपणसंस्थेकडून मिळणारी रक्कम खर्चास पुरत नसे. म्हणून चित्रें थोडीं काढावयाचीं, तींच पुनःपुन्हा वापरावयाचीं, आणि तूट खेळण्यांच्या हक्कांतून व परदेशांतील विक्रींतून भरून काढावयाची, असा रिवाज पडला. परक्यांस विकावयाची वस्तु त्यांच्या परिचयाची असली तर बरें. १९७४ सालची ‘हायडी’ ही स्विस बालिकेची कथा युरोपांत घरोघर गेली, ती जपानी म्हणून नव्हे. तिच्या कर्त्या संस्थेंतूनच पुढच्या वर्षीं निप्पॉन ॲनिमेशन ही कंपनी निघाली, आणि १९८९ च्या ऑक्टोबरांत तिची मोगलीवरील बावन्न भागांची मालिका टोकियोंत सुरू झाली.

अमेरिकेचा बोलपट आपला देश मिरवीत येतो. जपानी चित्रमालिका कित्येक वर्षें दुसऱ्याच्या वेषांत फिरली, आणि कदाचित् म्हणूनच अधिक दूर गेली. वेष मात्र क्वचित् चुके. मोगलीचा सोबती किची हा लाल पांडा आहे. हा प्राणी हिमालयाकडचा. सातपुड्यांत तो आढळत नाहीं. पण मूळ लेखकच जेथें रानांत गेला नव्हता, तेथें चित्रकारांस दोष कसा द्यावा?

१९९३ सालीं दूरदर्शननें ही मालिका हिंदींत आणली. तिच्यासाठीं गुलजार यांनीं नवें गीत लिहिलें, विशाल भारद्वाज यांनीं त्यास चाल दिली, आणि शेरखानास आवाज दिला तो मुरूडच्या नाना पाटेकरांनीं. वैनगंगेकाठच्या घरांतील पडद्यावर तिचाच मोगली असा व्हर्मांट, टोकियो आणि दिल्ली हा वळसा घेऊन, मराठींत नव्हे तर हिंदींत बोलत आला. पुढें २०१६ सालीं डिस्नेचा नवा मोगलीपट हिंदींत आला, तेव्हां त्या बलाढ्य कंपनीसही भारतीय प्रेक्षकांसाठीं तेंच गीत पुन्हा ध्वनिमुद्रित करून घ्यावेंसें वाटलें, आणि शेरखान पुन्हा पाटेकरांच्याच आवाजांत बोलला.