नदीत उतरण्याआधी : वेडर आणि बूट कसे निवडावेत?

हिमाचल प्रदेशातील तीर्थन किंवा काश्मीरमधील लिद्दर नदीत मे महिन्यातही पाय बुडवला, तर थोड्याच वेळात घोटे बधिर होऊ लागतात. वितळलेल्या बर्फाच्या याच थंडगार, वाहत्या पाण्यात ट्राउट मासा राहतो आणि त्याच्या शोधात निघालेला हौशी मासेमार तासन् तास त्या पाण्यात उभा असतो. ब्रिटिश अमदानीत, १९०० च्या सुमारास काश्मीरमध्ये आणि नंतरच्या दशकात कुलू खोऱ्यात ट्राउटचे बीज रुजवले गेले. तेव्हापासून या नद्यांवर ‘फ्लाय फिशिंग’ची परंपरा आहे. अलीकडे मुंबई-पुण्याकडील पर्यटकही हा छंद जोपासण्यासाठी तिकडे जाऊ लागले आहेत. छडी, रीळ आणि कृत्रिम माश्या यांची निवड ते हौसेने करतात. पाण्यात उभे राहण्यासाठी लागणारा पोशाख आणि बूट मात्र यादीत शेवटी येतात. वास्तविक क्रम उलट असायला हवा. छडी चुकीची निघाली तर फार तर मासा मिळणार नाही; बूट चुकीचे निघाले तर जिवावर बेतू शकते.

पाण्यात का उतरावे लागते?

साध्या गळाला वजन बांधलेले असते, त्यामुळे तो काठावरूनही दूर फेकता येतो. फ्लाय फिशिंगमधील आमिष म्हणजे पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली कृत्रिम माशी. तिला वजन जवळपास नसतेच. म्हणून जाड, वजनदार दोरी हवेत मागे-पुढे झुलवून तिच्या जोरावर माशी पुढे पाठवावी लागते. या झोक्यासाठी पाठीमागे मोकळी जागा हवी. डोंगरी नद्यांच्या काठावर झाडी असते, त्यामुळे ही जागा नदीच्या पात्रातच मिळते. शिवाय वेगवेगळ्या गतीच्या प्रवाहांवर दोरी पडली की माशी अनैसर्गिकपणे ओढली जाते आणि चाणाक्ष ट्राउट ती टाळतो. योग्य कोनात उभे राहण्यासाठी पात्रात चार पावले पुढे जावेच लागते. त्यासाठी जो जलरोधक पोशाख वापरतात, त्याला ‘वेडर’ म्हणतात.

वेडरचे प्रकार

उंचीनुसार वेडर तीन प्रकारचे असतात : मांडीपर्यंतचे, कमरेपर्यंतचे आणि छातीपर्यंतचे. उथळ ओढ्यांसाठी मांडीपर्यंतचे पुरतात. परंतु डोंगरी नदीत एका पावलात गुडघाभर पाणी कंबरभर होते. त्यामुळे एकच वेडर घ्यायचा असेल तर छातीपर्यंतचा घेणे शहाणपणाचे. ऊन तापले की त्याचा वरचा भाग खाली दुमडून कमरेपर्यंत आणता येतो. आखूड वेडर मात्र लांब करता येत नाही. छातीपर्यंतचा वेडर म्हणजे तेवढ्या खोल पाण्यात जाण्याचा परवाना नव्हे, हे मात्र लक्षात ठेवावे. तो पाय घसरल्यास उपयोगी पडणारी जादा उंची आहे.

कापड : रबर, निओप्रीन की श्वसनशील?

रबराचा किंवा प्लॅस्टिकचा लेप दिलेले वेडर सर्वांत स्वस्त. ते पाणी अडवतात, पण घामही आतच अडवतात. तासाभरात आतले कपडे ओले होतात आणि ओल्या कपड्यांत थंडी अधिक वाजते.

निओप्रीन हे पाणबुड्यांच्या पोशाखासाठी वापरले जाणारे फेसाळ कृत्रिम रबर. त्यात सूक्ष्म बुडबुडे कोंडलेले असल्याने ऊब टिकते. साधारणतः ३ ते ५ मिलिमीटर जाडीचे निओप्रीन वेडर अतिथंड पाण्यात, फारशी हालचाल न करता उभे राहणाऱ्यांसाठी उत्तम. परंतु एका जागेवरून दुसऱ्या जागेकडे काठाकाठाने चढउतार करत जायचे असेल, तर त्यात अंग उकडून निघते.

तिसरा प्रकार श्वसनशील वेडरचा. अमेरिकेत बॉब गोर यांनी १९६९ मध्ये शोधलेल्या, ताणून सच्छिद्र केलेल्या पदार्थापासून ‘गोर-टेक्स’ हे पातळ पटल तयार झाले. पुढे १९९० च्या दशकात ते वेडरमध्ये आले. या पटलाची छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा कितीतरी लहान, पण वाफेच्या कणापेक्षा मोठी असतात. त्यामुळे बाहेरचे पाणी आत येत नाही आणि घामाची वाफ बाहेर जाऊ शकते. मात्र ही वाफ आतील उष्ण-दमट हवेकडून बाहेरच्या कोरड्या हवेकडे जाते. म्हणून पाण्यावर असलेल्या भागात हे कापड चांगले काम करते, पाण्याखाली कमी.

हिमालयातील बहुतेक हौशी मासेमारांना श्वसनशील वेडरच सोयीचा ठरतो. तो स्वतः ऊब देत नाही. ऊब आतील कपड्यांतून मिळवावी लागते. येथेच नवख्याची चूक होते. जीन्स किंवा सुती पायजमा घालून वेडर चढवल्यास सुती कापड घाम धरून ठेवते आणि महागड्या वेडरचा सारा उपयोग संपतो. आत पातळ लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचे अंगालगतचे कपडे, त्यावर गरजेनुसार फ्लीसची विजार आणि पायांत लोकरी मोजे, अशी योजना असावी. खरेदी करताना गुडघे आणि बैठकीच्या जागी कापडाचे जादा थर आहेत का, हेही पाहावे. काट्याकुट्यांत आणि खडकांवर वेडर फाटतो तो बहुधा याच ठिकाणी.

माप कसे पाहावे?

काही वेडरना बूट कायमचे जोडलेले असतात. ते चढवायला सोपे आणि थंडीत उबदार, पण घोट्याला आधार कमी देतात. दुसऱ्या, ‘स्टॉकिंगफूट’ प्रकारात वेडरच्या टोकाला निओप्रीनचे मोजे असतात आणि त्यावर स्वतंत्र बूट घालावे लागतात. गोट्यांनी भरलेल्या नदीत आणि लांबच्या पायपिटीत हा दुसरा प्रकार अधिक भरवशाचा. शिवाय बूट आणि वेडर वेगवेगळ्या वेळी बदलता येतात.

वेडर दुकानात घालून पाहताना आत नदीवर घालायचे तेच कपडे असावेत. मग तीन गोष्टी कराव्यात : पूर्ण उकिडवे बसावे, एक पाय खुर्चीवर ठेवावा आणि दोन्ही हात डोक्यावर न्यावेत. यापैकी कशातही मांड्यांच्या सांध्यात किंवा गुडघ्यावर कापड ताणले गेले, तर माप लहान आहे. ताण पडलेली शिवण लवकर गळू लागते. उलट, पायांभोवती कापडाच्या चुण्या पडत असतील तर माप मोठे आहे. प्रवाह अशा ढगळ कापडाला ओढतो आणि दोन पायांच्या मध्ये घासून ते झिजते. निओप्रीनचा मोजा पायापेक्षा फार मोठा असल्यास बुटात त्याची घडी पडते, टाच सोलवटते आणि अखेर तेथेच छिद्र पडते.

बूट घेतानाही वेडर आणि लोकरी मोजे घालूनच माप पाहावे. काही उत्पादक या जाडीचा हिशेब आधीच धरतात, काही धरत नाहीत. म्हणून नेहमीच्या बुटाच्या क्रमांकावर विसंबू नये. बोटे आत मोकळी हलली पाहिजेत. घट्ट बुटाने रक्ताभिसरण मंदावते आणि थंड पाण्यात पाय लवकर गोठतात. टाच मात्र उचलली जाता कामा नये. बुटाच्या वरून वेडरचा खालचा पट्टा बांधावा, म्हणजे आत वाळू-खडे शिरत नाहीत.

सोल : नमदा, रबर आणि खिळे

पाण्यातील गोट्यांवर शेवाळाचा बुळबुळीत थर असतो. त्यावर पकड मिळवण्यासाठी पूर्वापार फेल्टचा सोल वापरला जातो. फेल्ट म्हणजे नमदा. काश्मिरी नमद्यासारखाच दाबून घट्ट केलेला, पण बहुधा कृत्रिम धाग्यांचा थर. तो शेवाळात रुततो आणि गोट्याला धरतो. ओल्या, बुळबुळीत दगडावर त्याची पकड उत्तम असते. चिखलाच्या पायवाटेवर, ओल्या गवतावर आणि बर्फावर मात्र तो घसरतो. बर्फाचे गोळेच त्याला चिकटतात.

रबराचा सोल पायवाटेवर चांगला, पण शेवाळावर एकटा अपुरा. म्हणून त्यात टंगस्टन कार्बाइडसारख्या कठीण धातूचे खिळे बसवतात. खिळ्यांसह रबर हा चालणे आणि पाण्यात उभे राहणे या दोहोंना पुरणारा मध्यममार्ग ठरतो. रबरी होडीतून जायचे असल्यास मात्र खिळे चालत नाहीत, तळ फाटतो.

सोलचा प्रश्न केवळ मासेमाराच्या पायापुरता नाही, तो नदीच्या प्रकृतीचाही आहे. नमदा पाणी शोषतो आणि दिवसेंदिवस ओला राहतो. त्यात शेवाळाच्या पेशी, सूक्ष्म जीव आणि मत्स्यरोगांचे जंतू जिवंत राहून दुसऱ्या नदीत पोहोचू शकतात. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर २००४ मध्ये ‘डिडिमो’ नावाचे आक्रमक शेवाळ आढळले. नदीचा तळ ते जाड, तपकिरी गालिच्यासारखे झाकून टाकते. त्यानंतर २००८ मध्ये त्या देशाने गोड्या पाण्यातील मासेमारीत नमद्याच्या सोलवर बंदी घातली. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातही २०१८ पासून अशा सोलना मनाई आहे. परदेशात मासेमारीला जाणाऱ्यांनी तेथील नियम आधी पाहावेत.

सोल कोणताही असो, ‘तपासा, धुवा, वाळवा’ ही न्यूझीलंडमध्ये रूढ झालेली त्रिसूत्री सर्वत्र पाळण्याजोगी आहे. नदीवरून निघताना बुटांतील माती, शेवाळ आणि काड्या तिथेच काढाव्यात. बूट साबणाच्या पाण्याने नीट धुवावेत. आणि हाताला पूर्ण कोरडे लागल्यावरही आणखी ४८ तास वाळू द्यावेत. सकाळी सैंज आणि दुपारी तीर्थन असा बेत असेल, तर नमद्याचे बूट घरीच ठेवावेत.

पट्टा, काठी आणि नदीची ओढ

वेडरमध्ये पाणी भरले की माणूस दगडासारखा बुडतो, असा समज आहे. तो खरा नाही. पाण्यात असताना आतल्या पाण्याचे वजन माणसाला खाली खेचत नाही. अमेरिकेतील ख्यातनाम मासेमार ली वुल्फ यांनी वेडर घालून पुलावरून नदीत उडी मारून हे दाखवून दिले होते. खरा धोका वेगळा आहे. भरलेल्या वेडरमुळे पाय हलवणे जड जाते, काठावर चढताना ते सारे पाणी उचलावे लागते आणि थंडीमुळे हातापायांतील शक्ती काही मिनिटांत ओसरू लागते. म्हणून कमरेचा पट्टा सर्वांत महत्त्वाचा. तो वेडरवरून, कमरेच्या थोडा वर घट्ट आवळलेला असावा. घसरल्यास आत शिरणारे पाणी तो रोखतो आणि आतली हवा टिकवतो. अनेक वेडरबरोबर तो फुकट मिळतो आणि तरीही पिशवीतच राहतो.

टेकायला मजबूत काठी असावी. प्रवाहाला अंग आडवे करून, पाय न उचलता सरकवत, एक पाय पक्का झाल्यावरच दुसरा हलवावा. जोराच्या प्रवाहात गुडघ्याच्या वर पाणी आले की ओढ झपाट्याने वाढते. तोल गेलाच तर पाठीवर व्हावे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवावेत आणि वेग मंदावेपर्यंत उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. दगडांच्या फटीत पाय अडकण्याचा धोका असतो.

हिमालयातील नद्यांचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे. दिवसभराच्या उन्हाने बर्फ वितळते, त्यामुळे सकाळी सहज ओलांडलेली नदी दुपारनंतर फुगलेली असते. धरणाच्या खाली तर पाणी इशाऱ्याशिवायही वाढू शकते. ८ जून २०१४ रोजी मंडी जिल्ह्यात थलोटजवळ बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. तीर्थन आणि सैंज या नद्या बियासला मिळतात त्या याच लारजीजवळ. अशा लोंढ्यापुढे कोणताही बूट टिकत नाही. धरणाखालच्या पात्रात स्थानिक जाणकाराला विचारल्याशिवाय उतरू नये आणि पाणी गढूळ होऊ लागले किंवा काड्या-पाने वाहून येऊ लागली, तर मासा गळाला लागलेला असला तरी काठ गाठावा.

निगा आणि खर्चाचा क्रम

प्रत्येक वापरानंतर वेडर आतून-बाहेरून उलटून सावलीत वाळवावा. घडी घालून डिकीत ठेवलेल्या ओल्या वेडरला बुरशी लागते. तो गळू लागल्यास अंधाऱ्या खोलीत आतून विजेरी फिरवावी. छिद्रातून प्रकाशाचा ठिपका दिसतो. त्यावर युरेथेनचा डिंक लावून एक रात्र वाळू दिल्यास बहुतेक गळती थांबते.

वर्षातून एखादीच सहल होणार असेल, तर वेडर भाड्याने किंवा मार्गदर्शकाकडून मिळतो का, ते आधी विचारावे आणि पैसे स्वतःच्या मापाच्या बुटांवर खर्च करावेत. दुसऱ्याचा वेडर चालून जातो, दुसऱ्याचा बूट नाही. हिमाचलमध्ये ट्राउटसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा बंदीचा काळ असतो आणि मत्स्यव्यवसाय विभागाचा परवाना लागतो, याचीही नोंद घ्यावी. सह्याद्रीतील उबदार पाण्यात वेडरची गरजच नसते. लवकर वाळणारी विजार आणि पकड असलेले बूट तेथे पुरतात.

थोडक्यात, पहिला खर्च बुटांवर, दुसरा पट्टा आणि काठीवर, तिसरा वेडरवर आणि उरलेल्या पैशांतून छडी, हाच क्रम योग्य. मासा पुढच्या खेपेसही भेटेल. त्यासाठी माणूस काठावर सुखरूप परतला पाहिजे आणि नदीही निरोगी राहिली पाहिजे.