लाकडाचा कुलाबा

साल १७८६. ओहोटी लागली आहे, तेव्हा अलिबागच्या किनाऱ्यावरून तुम्ही पायीच निघा. धोतर वर खोचून घ्या, खडकांमधल्या खळग्यांत अजून पाणी आहे. समोर दिसतोय तो कुलाबा. शिवाजी महाराजांनी १६८० साली तो बांधायला घेतला, संभाजी महाराजांच्या काळात तो पुरा झाला. तटाजवळ पोचलात की चिऱ्यांच्या सांध्यावरून बोट फिरवा. सांध्यात चुना नाही, मोठमोठे दगड एकावर एक नुसते रचलेत. लाट आपटते, तिचं पाणी फटींत शिरतं आणि जोर तिथेच मोडतो.

महादरवाजातून आत या. अंमल सरखेल राघोजी आंग्र्यांचा आहे. १७५९ मध्ये ते गादीवर आले, सिद्धिविनायकाचं दगडी देऊळही त्यांनीच बांधलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेला जेम्स फोर्ब्ज १७७१ मध्ये इथे येऊन गेला. त्याच्या लिहिण्याप्रमाणे आंग्र्यांचा वाडा आणि खजिना किल्ल्यात, तबेले आणि बागा समोरच्या किनाऱ्यावर. आज तुम्ही आला आहात तो वाडा बघायला.

जोत्यावर चढा. जोतं काळ्या दगडाचं. त्याच्या वर मात्र राज्य लाकडाचं. त्या काळच्या मराठा वाड्यांच्या रीतीने खांब सागवानी आहेत. एका खांबाशी वाका. तो जमिनीत पुरलेला नाही, घडीव तळखड्यावर उभा केलाय. चार महिने कोकणचा पाऊस कोसळतो, ओल जमिनीतून वर चढते. तळखड्यामुळे ती खांबाच्या पायाला लागत नाही.

आता मान वर करा. खांबाच्या डोक्यावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट, पाटांवर माडीची जमीन. सांधा नीट बघा. एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवलंय आणि आरपार लाकडी मेख मारली आहे. खाऱ्या हवेत लोखंडी खिळा गंजतो, फुगतो, सभोवतालचं लाकूड फोडतो. लाकडी मेखेला ते भय नाही. आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबतं जिथे बांधली जातात, तिथल्या सुतारांना समुद्राजवळ लाकूड कसं वागतं हे वेगळं शिकवावं लागत नाही.

भिंतीवर थाप मारा. ती भरीव आहे, पण वरचा भार तिच्यावर नाही. माडी आणि छप्पर खांबांनी आणि तुळयांनी तोललंय. खांबांमधली जागा भरायला ऐपतीप्रमाणे विटा किंवा माती. साध्या घरांत कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचा गिलावा. भिंत उतरवली तरी सांगाडा जागचा हलायचा नाही. छपरावर नळीची कौलं आहेत. मंगळुरी कौलांचा कारखाना निघायला अजून जवळजवळ ८० वर्षं आहेत.

बघून घ्या, कारण पुढच्याच वर्षी, १७८७ मध्ये, हा वाडा आगीत जातो. त्याआधी १७७० मध्ये किल्ल्याचा पिंजरा बुरूज असाच आगीने नष्ट झाला होता. ज्या बेटाने १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीजांच्या एकत्र फौजेला दाद दिली नाही, तिथे घरातली आग भारी पडली.

आता १८४२ मध्ये या. आंग्र्यांचं राज्य दोनच वर्षांपूर्वी खालसा झालंय आणि कंपनी सरकारने किल्ल्यातल्या इमारतींचं लाकूडसामान लिलावात काढलंय. दगडी भिंत फोडावी लागते; मेखेवर उभा केलेला सांगाडा मेखा ठोकून काढल्या की जसा चढवला तसाच उतरतो. खांब, तुळया, कड्या सुट्या होतात आणि दुसऱ्याच्या घराला लागतात. सुताराच्या कसबाने दिलेली ही सोय इथे लिलाववाल्यांच्या कामी आली. इमारतींचे दगडही राहिले नाहीत, ते अलिबागच्या पाणीपुरवठ्याच्या बांधकामाला गेले.

त्याच सुमाराला इंग्लंडच्या चेशर परगण्यात लिटल मोर्टन हॉल उभाच आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी बांधायला घेतलेलं हे ओक लाकडाचं घर, चहूकडे पाण्याचा खंदक. तिथेही भार लाकडी चौकटीवर, मधल्या जागेत कामट्या आणि मातीचा लेप. वरची लांब माडी जड झाली, खालची लाकडं वाकली, तरी ते मोडून विकलं नाही. १९३८ मध्ये नॅशनल ट्रस्टने ते सांभाळायला घेतलं, आजही लोक ते बघायला जातात. कसब दोन्हीकडे तोलामोलाचं होतं. फरक पडला तो राखण्याच्या इच्छेत.

आजच्या कुलाब्यात तट आहे, देऊळ आहे, गोड्या पाण्याची विहीर आहे. वाड्यांचे मात्र चौथरे उरलेत. म्हणून आपण किल्ला म्हटलं की दगडच आठवतो, आणि तिथे माणसं ज्या लाकडी घरांत राहिली ती हिशेबातच धरत नाही.

तो लिलाव अजून थांबलेला नाही. नागाव, चौल, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन, कुठेही बघा: वाटण्या होतात, मुलं मुंबईला जातात, घर पाडायचं ठरतं आणि जुन्या लाकडाचा व्यापारी ओसरीवर येऊन बसतो. तुमचं घर असं असेल, तर आधी ते राखता येतं का ते बघा. नाहीच जमलं, तर एवढं तरी करा. प्रत्येक खांबावर, तुळईवर आकडा घाला, मापं घ्या, प्रत्येक सांध्याचा फोटो काढा, आणि गावातल्या जाणत्या सुताराला समोर बसवून तो सांधा कसा केला हे विचारून लिहून ठेवा. इंग्लंडचे जुने सुतार चौकट चढवण्याआधी सांध्यांवर आकडे कोरत, त्यावरून आजही ती घरं उलगडून पुन्हा जुळवता येतात. कुलाब्याच्या वाड्यांची अशी नोंद आपल्या हाती नाही. तुमच्या घराची ठेवणं तुमच्या हातात आहे.