निळीचा रांजण आणि पुंजसिद्धान्त

सुरत जिल्ह्यातील पलसाणा व त्याचा परिसर आज कापड रंगविणाऱ्या आणि छापणाऱ्या गिरण्यांमुळे ओळखला जातो. रंगाचा व्यवहार या प्रदेशाला नवा नाही. सतराव्या शतकात इंग्रज आणि डच व्यापारी सुरतेच्या बंदरातून जो माल नेत, त्यात सुती कापडाबरोबर नीळही असे. नीळ कशी मुरवावी, सूत किती वेळा बुडवावे, हे रंगाऱ्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. परंतु निळीचा रंग निळाच का, या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास विसावे शतक उजाडावे लागले. ते उत्तर पुंजसिद्धान्तात आहे.

नीळ पाण्यात विरघळत नाही; म्हणून रंगारी ती रांजणात चुना किंवा खार घालून आंबवीत. आंबलेले पाणी पिवळसर हिरवे होई आणि त्यात बुडविलेले सूतही तसेच दिसे. ते बाहेर काढून वाऱ्यावर धरले की पाहता पाहता निळे होई. नवा रंग कोणी घातलेला नसे. हवेतील प्राणवायूने केवळ निळीच्या रेणूतील मांडणी बदललेली असे. एवढ्याशा बदलाने रंग का पालटावा?

एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाचा अर्धाच भाग सुटला. १८५६ मध्ये पर्किनने पहिला महत्त्वाचा कृत्रिम रंग बनविला, १८८३ मध्ये बायरने निळीच्या रेणूची रचना मांडली आणि १८९७ पासून कारखान्यात तयार झालेली जर्मन नीळ बाजारात आली. रेणू बनविता येऊ लागला, तरी त्याच्या रंगाचे कारण अज्ञातच राहिले.

१४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिन येथे माक्स प्लांक यांनी तापलेल्या वस्तूंच्या प्रकाशाविषयी एक निबंध वाचला. भट्टीतले लोखंड आधी तांबडे, मग पिवळसर आणि शेवटी पांढरे का दिसते, याचे गणित जुन्या भौतिकीने जुळत नव्हते. ऊर्जेची देवघेव सलग होत नसून ठराविक पुंजांनीच होते असे मानताच ते जुळले. दूध मापाने कितीही थोडे देता येते. नाणे मात्र मोडून अर्धे देता येत नाही. ऊर्जेचा व्यवहार नाण्यांसारखा आहे, हा या सिद्धान्ताचा गाभा होय. स्वतः प्लांक यांनाही ही कल्पना प्रारंभी स्वस्थ बसू देत नव्हती.

१९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी प्रकाशही पुंजांचाच बनलेला असल्याचे सुचविले. तांबड्या प्रकाशाचा पुंज लहान, जांभळ्याचा मोठा. फोटो स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत तांबडा दिवा लावीत, तो याच कारणाने. त्याचा प्रत्येक पुंज इतका दुबळा, की छपाईच्या कागदावर त्याचा परिणाम होत नसे. पांढऱ्या दिव्याचा एक झोत मात्र तोच कागद वाया घालवी.

१९१३ मध्ये नील्स बोर यांनी अणूतील इलेक्ट्रॉनांना ऊर्जेच्या पायऱ्या कल्पिल्या. इलेक्ट्रॉन एका पायरीवर असतो किंवा दुसऱ्या; मधे थांबत नाही. पायऱ्या कशामुळे, हे द ब्रॉय्‌ली यांनी १९२४ मध्ये व श्रोडिंगर यांनी १९२६ मध्ये उलगडले. इलेक्ट्रॉनाला तरंगाचाही स्वभाव आहे. दोन टोकांना ताणलेली तंबोऱ्याची तार जशी ठराविक स्वरच देते, तसा रेणूत कोंडलेला हा तरंग ठराविक ऊर्जाच स्वीकारतो. अर्थात हा तरंग पाण्यावरच्या लाटेसारखा नव्हे. इलेक्ट्रॉन कोठे सापडण्याचा संभव किती, एवढेच तो सांगतो, असे माक्स बोर्न यांनी १९२६ मध्ये दाखविले. त्याचे स्थान आणि वेग दोन्ही एकाच वेळी अचूक सांगता येणार नाहीत, हा हायझेनबर्ग यांचा १९२७ मधील सिद्धान्तही याच विचारातून आला.

आता रांजणाकडे परतावे. निळीच्या रेणूतील दोन पायऱ्यांचे अंतर नारिंगी-तांबड्या प्रकाशाच्या पुंजाएवढे असते. तो पुंज रेणू गिळतो आणि उरलेला प्रकाश डोळ्यांस निळा भासतो. आंबविलेल्या निळीत मांडणी वेगळी, म्हणून पायऱ्यांचे अंतर मोठे. तेथे जांभळ्याच्या बाजूचा प्रकाश शोषला जातो व पाणी पिवळसर दिसते. वाऱ्यावर धरलेल्या सुतात रंगारी पाहत असे तो पायऱ्यांचा हा बदलच होय.

या शास्त्राच्या उभारणीत भारतीयही होते. ढाक्याचे सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये प्रकाशपुंजांच्या गणनेची नवी रीत दिली; २८ फेब्रुवारी १९२८ रोजी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कोलकात्यात आपला परिणाम शोधला. परंतु ज्ञान निर्माण होणे वेगळे आणि ते रंगाऱ्यापर्यंत पोहोचणे वेगळे. हे अंतर बडोदे संस्थानाने लवकर ओळखले होते. १८९० मध्ये तेथे कलाभवन स्थापन झाले. सुरतेत जन्मलेले रसायनज्ञ त्रिभुवनदास गज्जर त्याच्या उभारणीत अग्रभागी होते आणि तंत्रशिक्षण स्वभाषेतून द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. महाराज सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची व्यवस्था लावली. त्या काळी पलसाणाही बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात होते.

आज सुरत परिसरातील गिरण्यांत खानदेशातून आलेला मराठी कामगार मोठ्या संख्येने आहे. दिवसभर रंगात हात बुडवून तो घरी जातो. त्या रंगाचे कारण सांगणारे पुस्तक बहुधा परक्या भाषेत आणि दूरच्या कपाटात असते. ते त्याच्या भाषेत, त्याच्या वस्तीजवळच्या ग्रंथालयात आले, तर शंभर वर्षांपूर्वी याच मुलखात आरंभलेले काम पुढे गेले असे म्हणता येईल.